अमेरिकनचं कॅनडियन

"हे बापूंचं इंजिन नव्हे," कुमुद म्हणाली.

इंजिन तिच्या मांडीवर, रजईच्या घडीवर उभं होतं. वीतभरापेक्षा थोडं लांब, काळंभोर, मागे कोळशाचा डबा जोडलेला. मी अजून खोक्यातल्या थर्माकोलचे तुकडे गोळा करत होतो.

"नव्हे कसं? धनराजने मुद्दाम मुलाला सांगून अमेरिकेहून मागवलंय. बापू चालवायचे तसंच मिळालं, असं म्हणाला ना फोनवर?"

"धना लहान होता. त्याला काय आठवतंय!" तिने इंजिनाच्या गोल तोंडावरून एक बोट फिरवलं. "हे अमेरिकन आहे. बापूंचं कॅनडियन होतं."

मला दोन्ही सारखीच. मी यावलकडचा, शेतकऱ्याच्या घरातला. रेल्वेशी माझा संबंध तिकिटापुरता. कुमुद मात्र भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली. तिचे वडील, म्हणजे बापू, मालगाडीचे ड्रायव्हर होते. लढाईच्या काळात समुद्रापलीकडून दोन तऱ्हेची इंजिनं आली होती, एक अमेरिकेत बनलेली आणि एक कॅनडात. शेडमधली माणसं त्यांना देशाच्याच नावाने हाक मारायची. दोन्ही सख्ख्या भावांसारखी दिसायची, पण शेडमधल्या पोरांनासुद्धा लांबून कळायचं कोण कोणतं ते. हे सगळं मला कुमुदनेच लग्नानंतर कधीतरी सांगितलेलं.

या गोष्टीला आता वीसेक वर्षं झाली. आम्ही जळगावला राहत होतो. मी दातांच्या कवळ्या बनवायचो. डॉक्टर लोक तोंडाचं माप घेऊन पाठवायचे, मी दात बसवून द्यायचो. घराच्या पुढच्या खोलीत माझी लॅब, मध्ये स्वयंपाकघर, मागे झोपायची खोली. मूलबाळ नाही. कुमुदचा धाकटा भाऊ धनराज नागपूरला, रेल्वेतूनच गार्ड म्हणून निवृत्त झालेला. एवढाच आमचा जवळचा गोतावळा.

थंडी सुरू होत होती तेव्हा मुंबईच्या डॉक्टरांनी कुमुदच्या पोटाची फिल्म उजेडावर धरून पाहिली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, की आता घरी न्या, जे आवडतं ते खाऊ घाला. मी बरं म्हणालो. परतीच्या गाडीत मी तिला वरणाचं पाणी पाजलं, तिकीट तपासनिसाला तिकीट दाखवलं, जळगाव आल्यावर सामान मोजून उतरवलं. नातेवाइकांना फोन करून डॉक्टर काय म्हणाले ते शब्द न शब्द सांगितलं. समोरचे रडायचे, मी थांबायचो, त्यांचं झालं की फोन ठेवायचो. दात काढायच्या आधी इंजेक्शन दिलं की पेशंट आपलाच ओठ चिमटीत धरून बघतो, दुसऱ्याचा असल्यासारखा. मी पूर्ण तसा झालो होतो.

लॅबला मी कुलूप घातलं. डॉक्टरांना निरोप दिला, की सध्या काम घेत नाही. सकाळी अंघोळ झाली की तिच्या पलंगाशेजारी स्टूल ओढून बसायचो ते जेवायला उठायचो. तिच्या छातीकडे बघत बसायचो. श्वास वर गेला की खाली यायची वाट बघायचो.

"दुखतंय का?"

"नाही."

थोड्या वेळाने परत.

"दुखतंय का गं?"

"नाही हो. गोळीने बरं वाटतंय."

आणि मग ते इंजिन आलं.

"बापूंचा दिवा वरती होता," ती म्हणाली. "धुराड्याच्या पुढे, डोक्यावर. याचा बघा, पोटावर बेंबीसारखा मधोमध आहे."

"असू दे. कपाटात ठेवू. दिसायला छान आहे."

"अहो, तुम्हीच करा ना याचं कॅनडियन."

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती. चेहऱ्याची हाडं वर आलेली, त्यामुळे डोळे फार मोठे दिसायचे.

"मी? मला काय येतं त्यातलं? आणि धनराजच्या पोराने एवढं शोधून पाठवलेलं. त्याला करवत लावू?"

"आयुष्यभर लोकांच्या तोंडात बसतील असे दात केलेत की तुम्ही. हा तर नुसता दिवा वर न्यायचा."

"फोटो आहे का कुठे?"

"बापूंचा आहे. इंजिनाचा कशाला कोण काढतंय! मी सांगेन ना. मी डबा घेऊन जायचे शेडवर. बापू मला उचलून वर घ्यायचे. मला झोपेत विचारलंत तरी सांगेन."

मी इंजिन उचललं. वजनाला चांगलं होतं. आत धातू आणि वर प्लास्टिकचं अंग. पलंगाजवळच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणालो, की इथेच बसून बघतो काय करता येतं ते.

"इथे नको," ती पटकन म्हणाली. "तुमच्या त्या कवळ्यांच्या लिक्विडचा वास मला आता सोसत नाही. मळमळतं. लॅबमध्येच करा." आणि मी दारापर्यंत गेल्यावर, "दार मात्र उघडं राहू द्या. मशीनचा आवाज आला की बरं वाटतं. घरात काम चाललंय असं वाटतं."

लॅबचं कुलूप उघडलं तेव्हा आतल्या प्लास्टरवर धूळ बसली होती. मी टेबल पुसलं, दिवा ओढून घेतला. पायाने दाबायच्या पट्टीवर चालणारं माझं कातायचं मशीन होतं, पट्टी दाबली की टोकाची सुई गरगर फिरायची. पहिला काप देताना हात थांबला. नवं कोरं इंजिन, रंगाला ओरखडासुद्धा नाही. मग पट्टी दाबली. दिवा उडाला, त्याच्या जागी एक भोक राहिलं. ते बुजवायला माझ्याकडे एकच माल होता, कवळीच्या हिरड्यांचा. गुलाबी.

संध्याकाळी मी इंजिन तिला दाखवायला नेलं. काळ्या तोंडावर गुलाबी ठिपका आणि धुराड्याच्या पुढे गुलाबी बैठकीवर दिवा.

कुमुद हसली. कितीतरी दिवसांनी. "अगं बाई, इंजिनाला हिरड्या आल्या."

"रंग शेवटी देईन."

"दिवा बरोबर आहे. पण आता घुमट खटकायला लागला."

"कुठला घुमट?"

"हा काय, पाठीवरचा. याचा एकच लांबट आहे. कॅनडियनला दोन असायचे, सुटे सुटे. एक वाफेचा, एक चाकांखाली टाकायच्या वाळूचा."

मी दोन घुमट मेणात कोरले, साच्यात घातले, गुलाबी माल भरला आणि कवळी शिजवतो तसे पातेल्यात उकळून काढले. जुना घुमट कापून नवे बसवले. प्रत्येक घुमट दाढेएवढा. नेऊन दाखवले तर ती बराच वेळ बघत राहिली.

"हा मागचा खरंच दाढेसारखा दिसतोय हो. डोक्यावर खाचा आहेत."

बघतो तर तसंच. सवयीने कोरल्या गेल्या होत्या. मी ते घुमट काढून गुळगुळीत करून पुन्हा बसवले. तर ती म्हणाली पुढचा बुटका झाला. तो परत केला.

असं चाललं. घुमट झाले तर ड्रायव्हरच्या खोलीचं छप्पर मागे लांब हवं. छप्पर झालं तर खिडकी एक नव्हे, दोन. खिडक्या झाल्या तर खिडकीवर पावसाची पट्टी. मी रोज सकाळी तिचं सगळं आटोपलं की लॅबमध्ये जायचो. शेजारच्या कोकिळाबाई तिला अंघोळ घालायला यायच्या, त्या गेल्या की कुमुद म्हणायची, "जा आता. खिडक्या राहिल्यात ना?" मी गेलो, की थोड्या वेळाने आतून हाक यायची, "चालू केलं का मशीन?" मी पट्टी दाबायचो.

एकदा मी चिडलो. चिडलो म्हणजे आवाज तेवढा चढला, आत काही हललं नाही.

"सगळं एकदाच का सांगत नाहीस? मी यादी करून घेतो. दर वेळी अर्धं सोडवून पुन्हा बसवायचं म्हणजे..."

"एकदाच आठवत नाही हो. आठवेल तसं सांगते."

"बरं."

"रागावलात?"

"नाही."

खरंच नव्हतो रागावलो. त्या दिवसांत मला भूक लागायची, झोप लागायची. तिला कुशीवर वळवताना तिचं अंग किती हलकं झालंय ते हाताला कळायचं, आणि हातातच राहायचं. स्टूलावर बसणं सुटलं होतं. दुखतंय का, हे विचारणंही सुटलं. डोक्यात छप्पर आणि खिडक्या असायच्या. भाजी चिरताना मी दुधीच्या फोडीकडे बघून विचार करायचो, की हिला असा गोल द्यायचा झाला तर कुठून कापावं.

डॉक्टर येऊन गोळ्या वाढवून गेले. जाताना मला म्हणाले, "सहनशील आहेत हो वहिनी. या अवस्थेत लोक घर डोक्यावर घेतात."

मी म्हणालो, "गोळीने तिला बरं वाटतं."

धनराज आला तेव्हा संक्रांत होऊन गेली होती. सकाळच्या पॅसेंजरने आला. उंच, काटक माणूस. आल्याबरोबर बहिणीच्या पलंगावर बसला, तिचे पाय मांडीवर घेतले आणि दाबत राहिला. दोघं भुसावळच्या गोष्टी बोलत होते. कुणाची म्हैस क्वार्टरमध्ये शिरली होती, कोणती मास्तरीण मारायची. मी चहा केला. कुमुदने दोन घोट घेतले आणि कप मला परत दिला.

"तुम्ही जा हो लॅबमध्ये. धना आहे माझ्याजवळ. डब्याच्या बाजू उंच करायच्या राहिल्यात ना?"

"आज राहू दे. धनराज आलाय."

"तो काय पाहुणा आहे? जा. मशीन चालू करा."

मी गेलो. कोळशाच्या डब्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पट्ट्या चढवायच्या होत्या. त्या आदल्या दिवशीच शिजवून ठेवल्या होत्या, आता घासून बसवायच्या. काम नाजूक. किती वेळ गेला कळलं नाही. मान वर केली तर धनराज दारात उभा. भिंतीला हात लावून.

मला वाटलं इंजिन बघायला आला. मी पट्टीवरचा पाय काढला नाही, मशीन फिरत ठेवूनच डाव्या हाताने इंजिन त्याच्यापुढे केलं.

"बघ. तुझ्या पोराच्या इंजिनाचं काय केलं ते. जमलंय का?"

त्याने ते हातात घेतलं. उलटंसुलटं करून पाहिलं. गार्डाची नजर त्याची. दिव्यावर थांबली, घुमटांवर थांबली, खिडक्यांवर थांबली.

"कॅनडियन," तो म्हणाला. "रंग सोडला तर तंतोतंत कॅनडियन."

"तुझ्या ताईने एकेक सांगितलं. मी फक्त हात चालवले."

"पण कॅनडियन कशाला?"

"बापूंचं कॅनडियन होतं ना!"

"कोण म्हणालं?"

"कुमुद. ती म्हणाली तू लहान होतास, तुला आठवत नाही."

"भाऊजी, मी ताईपेक्षा दोन वर्षांनी लहान. बापू शेवटपर्यंत अमेरिकनवरच होते. एकच इंजिन. दसऱ्याला ताई स्वतः त्याला हार घालायची, हट्ट करून. कॅनडियन शेजारच्या रुळावर उभं असायचं, त्याच्याकडे बघायचीसुद्धा नाही. मी पोराला सांगून नेमकं तेच शोधायला लावलं. त्याला किती दिवस लागले..." तो थांबला. इंजिन टेबलावर ठेवलं. "ताई विसरेल होय?"

मला वाटलं आजारात असं होत असेल. गोळ्यांनी डोकं भ्रमत असेल. तसं म्हणणारही होतो.

"भाऊजी, ते मशीन बंद करा जरा."

"का?"

"करा तर."

मी पाय उचलला. सुई गरगरत मंदावली आणि थांबली. आणि आतून एक आवाज आला. अर्धाच. जनावराचं वाटावं असं काहीतरी होतं, आणि मध्येच तोंडावर कुणी हात ठेवावा तसं तुटलं. मग घर शांत. स्वयंपाकघरातल्या नळाचं पाणी बादलीत पडत होतं तेवढंच.

"ऐकलंत?" धनराज हळू म्हणाला. "मशीन सुरू झालं की ती आवाज सोडते. मला म्हणाली, धना, तू बाहेर बस, नाही तर कानात बोटं घाल. मी म्हटलं भाऊजींना बोलावतो. तर माझा हात धरला. म्हणाली, त्यांना सांगशील तर माझं मेलेलं तोंड बघशील." त्याचा आवाज फाटला. "रोज असंच चालतं म्हणे. तुम्ही इकडे आलात की."

मी टेबलावरच्या इंजिनाकडे बघितलं. एक बाजू बसवलेली, एक बाजू सुटी, गुलाबी.

मग मी पाय परत पट्टीवर ठेवला आणि दाबला.

"अहो, काय करताय? जा ना तिच्याजवळ!"

"तिचं होऊ दे," मी म्हणालो. "मध्येच अडलंय."

सुईखाली काहीच धरलेलं नव्हतं. ती नुसतीच हवेत फिरत होती. मी पट्टी दाबून बसून राहिलो. धनराज कोपऱ्यातल्या प्लास्टरच्या पोत्यावर बसला, दोन्ही हातांत तोंड घेतलं आणि त्याचे खांदे हलायला लागले. मी त्याच्याकडे बघत होतो. उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा असं मनात आलं, पण उठलो असतो तर पाय पट्टीवरून सुटला असता.

बऱ्याच वेळाने आतून हाक आली. साध्या, रोजच्या आवाजात.

"अहो, झालं का?"

"होत आलंय," मी ओरडून सांगितलं.

धनराज त्याच दुपारी परत गेला. राहतो म्हणाला, पण कुमुदनेच त्याला घालवलं. सुनेचे दिवस भरत आलेत, तू घरी हवास म्हणून. दारात त्याने माझे दोन्ही हात धरले. मग रिक्षात बसला.

इंजिनाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, नंतर त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. मी त्याला परत हात लावला नाही. डब्याची एक बाजू उंच, एक ठेंगणी, घुमट गुलाबी, तसंच ते पुढे धनराज घेऊन गेला. रंग देऊन पाठवतो म्हणालो तर नको म्हणाला. त्याच्या घरी दर्शनी कपाटात आहे. येणारे-जाणारे विचारतात की हे असं अर्धवट का. तो काय सांगतो मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

धनराज गेल्यावर मी हात धुतले. लिक्विडचा वास जाईपर्यंत साबण लावून धुतले. बाहेर पोरं पतंगाच्या काटाकाटीत ओरडत होती, ऊन भिंतीवर चढत होतं. मी आत गेलो.

कुमुदने केस सारखे करून घेतले होते. उशीच्या अभ्र्याचं एक टोक ओलं होतं, चावल्यासारखं चुरगळलेलं. ते रोजच तसं असणार. मी रोज बघितलंही असणार.

"झाल्या का बाजू?" तिने विचारलं.

"एक झाली."

"दुसरी उद्या करा. आणि मग पुढच्या पायऱ्या. कॅनडियनला पुढे वर चढायच्या पायऱ्या तिरक्या असायच्या..."

"कुमुद, इंजिन पुरे."

तिने माझ्याकडे बघितलं, मग दाराकडे.

"धनाने सांगितलं."

"मशीन थांबलं तेव्हा मीच ऐकलं."

तिने तोंड भिंतीकडे वळवलं. तिच्या मानेची शीर उडत होती. मी स्टूल ओढलं नाही, उभाच राहिलो.

"तुम्ही त्या स्टूलावर बसायचात," ती भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली. "सारखं विचारायचात, दुखतंय का, दुखतंय का. तुमचं तोंड बघून माझ्याने कण्हवायचं नाही. हो म्हणाले असते तर तुम्ही काय केलं असतंत? तसेच बसून राहिला असतात. माझ्याने ते बघवत नव्हतं. म्हटलं हात चालू राहिले तर माणूस टिकेल." मग थोडं थांबून, "कॅनडियन चांगलं जमत होतं हो. मला खरंच बघायचं होतं पुरं झालेलं."

मी पलंगाच्या कडेवर बसलो. तिच्याकडे पाठ करून. समोर खिडकी होती, खिडकीत कोकिळाबाईंच्या गच्चीवरची वाळत घातलेली लुगडी.

"हे काय? असे का बसलात?"

"आता माझं तोंड तुला दिसत नाही," मी म्हणालो. "आणि माझी काळजी करू नकोस. मुंबईहून आल्यापासून मला काहीच होत नाहीये. धनराज आज माझ्यासमोर रडला, मला काही झालं नाही. टाचणी टोचलीस तरी कळायची नाही मला. तू ओरड. माझं काही बिघडत नाही."

"खरंच?"

"खरंच."

"आणि नंतर?"

"नंतरचं नंतर बघू."

लुगडी हलत होती. मग माझ्या पाठीवर सदऱ्याला हिसका बसला. तिने तो मुठीत धरला होता. ती मूठ आवळत गेली, कॉलर माझ्या गळ्याला काचायला लागली, आणि मग ती ओरडली. मशीन नव्हतं, काही नव्हतं. घरभर ओरडली. मी खिडकीतून बघत राहिलो, हलायचं नाही एवढंच ठरवून. श्वास घेण्यापुरती थांबली आणि परत. माझ्या सदऱ्याची शिवण उसवल्याचं मला ऐकू आलं. मला काही होत नाही असं मी तिला सांगितलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. पण माझा पाय पट्टी दाबल्यासारखा फरशीवर दाबलेला होता. तो माझाच आहे का, हे मी निरखून बघत होतो.

बाहेरचं दार धाडकन उघडलं. कोकिळाबाई धावत आल्या. हाताला पीठ, पदर खोचलेला. खोलीच्या उंबऱ्यावर थबकल्या.

"काय झालं? भाऊ, काय झालं हो?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मुंबईहून आल्यापासून किती लोकांना किती सांगितलं होतं. फिल्ममध्ये काय दिसलं, डॉक्टर काय म्हणाले, गोळी कोणती. ते सगळं आता तोंडात येईना.

"दुखतंय तिला," मी म्हणालो. "फार दुखतंय."

कोकिळाबाई क्षणभर उभ्या राहिल्या. मग त्यांनी पिठाच्याच हाताने दार ओढून घेतलं आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. आवाज ऐकून गल्लीतलं आणखी कोणी आलं, की त्या त्यांना परत पाठवत होत्या. ते मला आतून ऐकू येत होतं.